पावसातली सायकल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



‘पावसात सायकल कशी चालवावी आणि कोरडे कसे राहावे’ हा विषय ऐकून काहीजणींच्या चेहऱ्यावर हसू आलेले मला येथून दिसते आहे. हसा, खुशाल हसा. विषय हसण्यासारखाच आहे. पावसापासून बचाव करण्यासाठी सायकलवरची माणसे ज्या तऱ्हा करतात, त्या पाहून हसू आले नाही असा माणूस विरळा. परंतु या हसण्याच्या विषयाच्या पोटात मुलींच्या शिक्षणाचा एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आपल्या मंडळाच्या हातून थोडाफार सुटण्यासारखा आहे. म्हणून आधी हसू, मग कामाचे बोलू.

मी शिक्षिका होते आणि नोकरीची सारी वर्षे शाळेत सायकलवरून जात होते, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज रस्ते स्कूटरींनी आणि मोटारींनी भरले आहेत. तरी सकाळी दूध टाकणारा मुलगा, वर्तमानपत्रवाला, बांधकामावर जाणारा गवंडी आणि आसपासच्या खेड्यांतून शाळेला येणाऱ्या मुली अजून सायकलवरच दिसतात. पुण्याचा पाऊस तसा फार नाही. वर्षाकाठी सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर. महाबळेश्वरला याच्या सातपट कोसळतो. परंतु पुण्याचा पाऊस खोडकर आहे. घरातून निघताना ऊन, ओढ्याच्या पुलावर भुरभुर आणि शाळेच्या फाटकाशी धो धो. त्यामुळे कोरडे राहण्याच्या युक्त्यांना येथे भरपूर वाव मिळतो.

पहिली युक्ती अर्थातच छत्रीची. एका हाती हँडल, दुसऱ्या हाती छत्री, ही झाली साधी तऱ्हा. ज्यांना दोन्ही हात हवे असतात ते छत्रीची वाकडी मूठ मानेमागे सदऱ्याच्या कॉलरमध्ये अडकवतात आणि दांडा खांद्याशी दाबून धरतात. दुरून पाहणाऱ्याला माणसाच्या पाठीतून छत्री उगवल्यासारखी दिसते. काहीजण सुतळीने छत्री हँडललाच बांधतात. वारा नसला तर हे गृहस्थ मोठ्या ऐटीत जातात, आणि वारा सुटला की छत्री नेईल तिकडे जातात. सर्वांत प्रेक्षणीय तऱ्हा मात्र जोडप्याची. नवरा सायकल हाकतो, बायको मागे कॅरिअरवर एका अंगाने बसून हात लांब करून त्याच्या डोक्यावर छत्री धरते. छत्री त्याच्यावर, आणि छत्रीच्या कडेवरून ओघळणारे सारे पाणी हिच्या मांडीवर! घरी पोहोचल्यावर तो म्हणतो, “काही विशेष पाऊस नव्हता.” भगिनींनो, या छत्रीवर मी अधिक भाष्य करीत नाही. आपण सर्व संसारी बायका आहोत.

दुसरी युक्ती पोत्याच्या खोळीची. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलला की टोकदार टोपी तयार होते आणि उरलेले पोते पाठीवर पडते. पूर्वी गोणपाटाची खोळ असे, आता खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्याची असते. हिला शिवण लागत नाही, पैसा लागत नाही आणि विसरली तरी हळहळ वाटत नाही. शेतकऱ्याच्या या शोधाला बक्षीस कोणी दिले नाही, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी पाठी या खोळीने कोरड्या ठेवल्या आहेत.

तिसरी युक्ती पिशव्यांची. डोक्यावर पिशवी, सीटवर पिशवी, मनगटावरच्या घड्याळावर पिशवी, आणि बूट ओले होऊ नयेत म्हणून पायांतही पिशव्या. पायात पिशवी बांधली की पॅडलवरून पाय घसरतो, ही गोष्ट बांधणाऱ्याला पहिल्या वळणावर कळते. २०१८ साली आपल्या राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून या युक्तीला थोडी उतरती कळा लागली आहे, आणि त्याचे मला दुःख नाही.

याखेरीज घरोघरच्या किरकोळ युक्त्या आहेतच. चपला खराब होऊ नयेत म्हणून त्या हँडलला टांगून अनवाणी पॅडल मारणारे लोक आहेत. आमच्या ओळखीच्या एक परिचारिका कोरडे पातळ आणि पोलके घट्ट झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात घालून नेत, आणि कामावर पोहोचल्यावर डबा उघडत. रस्त्यातल्या पावसाशी त्यांनी भांडणच ठेवले नव्हते. मला ही युक्ती सर्वांत शहाणपणाची वाटते. भिजायचेच आहे तर भिजावे, पण पोहोचल्यावर कोरडे व्हावे!

आपल्याकडेच अशा तऱ्हा चालतात असे मात्र कोणी समजू नये. जपानमध्ये हातात छत्री धरून सायकल चालवण्यास मनाई आहे. तेव्हा ओसाका शहराकडच्या लोकांनी हँडलला छत्री घट्ट बसवण्याचा एक चिमटाच काढला. ‘सासुबे’ या नावाने तो त्या भागात प्रसिद्ध आहे आणि घरकाम उरकून बाजाराला निघालेल्या गृहिणी तो सर्रास वापरतात. आपला सुतळीवाला गृहस्थ आणि जपानी गृहिणी यांची अक्कल एकाच दिशेने चालली, एवढेच. चीनमध्ये सायकलवाल्यांसाठी बाह्या नसलेला मोठा झगा असतो. तो डोक्यातून घालायचा आणि त्याचा पुढचा भाग हँडलवर आणि टोपलीवर पांघरायचा. लाल, निळ्या, पिवळ्या झग्यांचा जथाच्या जथा चौकातून निघाला म्हणजे तंबू चालू लागल्यासारखे वाटतात. काही झग्यांना दोन टोप्या असतात, एक आईची आणि एक मागे बसलेल्या लेकराची. दिव्याचा उजेड अडू नये म्हणून पुढे पारदर्शक खिडकीही ठेवतात.

हॉलंडमधली मुले भर पावसात सायकलवरून शाळेत जातात. कुरकुर करणाऱ्या मुलाला तिकडची आई सांगते की तू काही साखरेचा बनलेला नाहीस. आपण म्हणतो, ‘विरघळायला तू काय मिठाची बाहुली आहेस?’ देश दोन, पण आया एकच. त्या देशातल्या रॉटरडॅमसारख्या शहरात चौकातल्या काही दिव्यांना पाऊस ओळखणारे यंत्र लावलेले आहे. पाऊस लागला की सायकलवाल्यांना हिरवा दिवा लवकर मिळतो. मोटारीतल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर आहे, त्याने थोडे थांबावे, हा त्यामागचा विचार. विचार साधा आहे, पण तो करायला सायकलवाल्याला माणसांत मोजावे लागते. युरोपातल्या डोंगरी रस्त्यांवर शर्यत खेळणारे सायकलपटू घाटमाथ्यावर पोहोचले की अंगातल्या बनियनखाली छातीशी वर्तमानपत्राची घडी सारतात आणि मग उतार उतरतात. घाम आलेल्या छातीवर थंड वारा लागू नये यासाठी ही युक्ती. तेव्हा शिळ्या वर्तमानपत्राला कोणी कमी लेखू नये.

आता थोडे शास्त्र पाहू. पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला पाऊस सारखा लागत नाही. मोठ्या सरीतला टपोरा थेंब तासाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने खाली येतो. भुरभुर पावसाचा बारीक थेंब त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वेगाने रेंगाळत उतरतो. आपली सायकल साधारण १५ किलोमीटर वेगाने पुढे जाते. म्हणजे टपोरा पाऊस आपल्याला वरून तिरपा लागतो, पण भुरभुर पावसात आपणच त्या रेंगाळणाऱ्या थेंबांवर जाऊन आदळतो. म्हणून भुरभुरीत सायकल चालवणाऱ्या बाईचे डोके थोडे ओले आणि छाती, मांड्या, गुडघे चिंब, असा प्रकार होतो. छत्री डोके राखते. सायकलवर राखायचा असतो तो पुढचा भाग. येथेच छत्रीचा पराभव आहे.

दुसरी गोष्ट घाईची. पाऊस आला की आपण जीव खाऊन पॅडल मारतो. वारा नसेल तर समोरून अंगावर येणारे पाणी वेग वाढवल्याने कमी होत नाही. घर ते शाळा जेवढे अंतर, तेवढ्या वाटेतले थेंब आपण अंगावर घेणारच, मग हळू जा की जोरात जा. वेगाने वाचते ते फक्त डोक्यावर आणि खांद्यावर पडणारे पाणी, कारण पावसात काढलेला वेळ कमी होतो. एवढ्याशा लाभासाठी ओल्या रस्त्यावर धोका किती पत्करावा, हा हिशेब प्रत्येकीने आपल्याशी करावा.

आणि धोका खरा आहे. सायकलचा ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेवर घासणारे रबर. लोखंडी कडा ओली झाली की रबर तिच्यावरून निसटते आणि कोरड्या दिवशी जेथे सायकल थांबली असती त्याच्या कितीतरी पुढे जाऊन थांबते. यावर उपाय असा की, थांबण्याच्या बऱ्याच आधीपासून ब्रेक हलकेच दाबून धरावा. रबर आधी कडेवरचे पाणी पुसते आणि मग धरते. पहिल्या पावसात रस्त्यावर सांडलेले तेल वर येते, तेव्हा वळताना सायकल फार कलती करू नये. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे आणि झाडाखालची कुजलेली पाने ही तिन्ही शेवाळासारखी निसरडी असतात. डबक्यातून जाऊ नये, कारण पाणी खड्ड्याची खोली सांगत नाही. विजा चमकत असतील तर मोकळ्या माळावरच्या एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा. घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून सोडू नये. चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे दोन थेंब द्यावेत. ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालावेत, सकाळपर्यंत ओल कागदात उतरते.

आपणां बायकांना आणखी एक जपणूक आहे, ती पदराची आणि ओढणीची. १९२७ साली फ्रान्समधल्या नीस शहरात इसाडोरा डंकन या जगप्रसिद्ध नर्तकीच्या गळ्यातला लांब रेशमी रुमाल मोटारीच्या चाकात गुंतला आणि तिचा जागीच अंत झाला. आपल्या देशात ओढणी चाकात अडकून गळ्याला आणि मानेला इजा झाल्याच्या घटना डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातल्या आहेत. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला जे ‘साडीगार्ड’ असते, ते शोभेसाठी नाही. चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे आवरण असावे असा केंद्र सरकारच्या १९८९ च्या मोटार वाहन नियमांतच दंडक आहे. सायकलला असा दंडक नाही. म्हणून जुन्या लेडीज सायकलींच्या मागच्या चाकावर असे तशी जाळी आपणच लावावी. पदर कमरेला खोचावा, ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे नेऊन कमरेशी गाठ मारावी. पावसात ओला कपडा जड होऊन खाली लोंबतो, तेव्हा हे दुप्पट सांभाळावे. मोठ्या झग्याचे टोकही चाकात जाऊ शकते, हे विसरू नये.

मग सायकलवर पावसाचे वस्त्र कसे असावे? माझ्या मते त्याच्या चार परीक्षा आहेत. हात मोकळे राहिले पाहिजेत, डोळे मोकळे राहिले पाहिजेत, पाय मोकळे राहिले पाहिजेत आणि आत वारा खेळला पाहिजे. छत्री पहिल्याच परीक्षेत नापास होते. खतामातीचे पोते पाठ राखते, पण पुढून उघडे.

या परीक्षा आपल्या पूर्वजांना ठाऊक होत्या, असे कोकणातले इरले पाहिले की वाटते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात एकावर एक रचलेली पाने, जशी छपरावर कौले. भाताची लावणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते, तिची पाठ म्हणजेच छप्पर. इरले तिच्या डोक्यावरून पाठीवर बसते, दोन्ही हात चिखलात रोप लावायला मोकळे राहतात आणि पोटाकडून वारा येतो. आता कोणी इरले घालून सायकलवर बसेल तर वारा त्याला बाईसकट उचलील, हे खरे. पण इरले शिकवते ते असे, की वस्त्र माणसाच्या कामाच्या बैठकीप्रमाणे घडवावे, उभ्या माणसाच्या मापाने नव्हे.

घाटावरच्या धनगरांची घोंगडी हे दुसरे शहाणपण. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओल शोषून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही, शिवाय ओली झाली तरी ऊब देते. मेंढीच्या अंगचे मूळचे तेल लोकरीत थोडे राहिलेले असते, त्यावरून पाणी ओघळते. दोष एकच, भिजलेली घोंगडी ओझे होते आणि सायकलवर ओझे नको.

रेनकोटाचा जन्म स्कॉटलंडमधला. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये पातळ केलेल्या रबराचा थर घालून पाणी न शिरणारे कापड केले आणि त्याचे हक्क नोंदवले. हे कापड थंडीत ताठ होई आणि उन्हात चिकट. पुढे रबराला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करण्याची क्रिया सापडली तेव्हा हा दोष गेला. आपल्या देशात सुरेंद्रमोहन बोस या स्वातंत्र्यसैनिकाने १९२० साली कलकत्त्यात वॉटरप्रूफ कापडाचा कारखाना काढला. ‘डकबॅक’ हे नाव घेतल्याबरोबर आपणांपैकी वयस्क भगिनींना शाळेचा तो वास आठवेल. बदकाच्या पाठीवरून जसे पाणी निथळते तसे या कोटावरून निथळावे, असे ते नाव. परदेशी रेनकोटावाचून देशाचे अडू नये, या जिद्दीतून तो कारखाना उभा राहिला होता.

मात्र कोणताही रबरी किंवा प्लॅस्टिकचा कोट चौथ्या परीक्षेत अडखळतो. बाहेरचे पाणी आत येत नाही, तसा आतला घाम बाहेर जात नाही. सायकल म्हणजे मेहनत. चढ लागला की कोटाच्या आत दुसरा पाऊस सुरू होतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी एका प्लॅस्टिकला झटक्याने ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे तयार केली. त्यांतून वाफ बाहेर जाते, पण पाण्याचा थेंब आत येत नाही. असे कोट आज मिळतात, पण ते महाग आहेत. आपल्यासारख्यांना जुना इंग्रजी सायकल-केपच बरा. तिकडचे पोस्टमन आणि पोलीस तो वर्षानुवर्षे वापरत. तो खालून मोकळा असल्यामुळे वारा खेळतो, पुढचा भाग हँडलवर ताणून धरण्यासाठी अंगठ्याला अडकवायचे दोन फीत असतात आणि तो उडू नये म्हणून आतून कमरेला बांधायची नाडी असते. म्हणजे सायकलच्या बैठकीवर बेतलेले कापडाचे इरलेच!

येथपर्यंत हसलो आणि थोडे शिकलो. आता कामाचे बोलू.

स्त्रीच्या हाती सायकल आली की काय होते, याची दोन उदाहरणे आपल्याच देशात आहेत. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरतेची मोहीम चालू होती. तेथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी अक्षरओळखीबरोबर बायकांना सायकल शिकवण्याचाही आग्रह धरला. शेतमजूर, खाणीवर दगड फोडणाऱ्या, परिचारिका, अशा हजारो स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणणे, मुलांना शाळेत पोचवणे, माल बाजारात नेणे या कामांसाठी त्यांना पुरुषाची किंवा बसची वाट पाहावी लागेना. दुसरे उदाहरण बिहारचे. तेथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे व मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून दूरच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या आहेत.

पण सायकल मिळाली म्हणजे शाळा मिळाली असे नाही. आपली शाळा उघडते जूनच्या मध्याला आणि पाऊस येतो त्याच्याच आगेमागे. नव्या वर्गाचे पहिले चार महिने पावसाचे. माझ्या नववीच्या वर्गात चार-पाच किलोमीटरवरच्या वाडीतून येणारी एक मुलगी होती. गणितात हुशार. जुलैत तिची हजेरी उतरू लागली. पाऊस असला की मुलगी गैरहजर. मी तिला एका बाजूला घेऊन विचारले, “ताप येतो का गं?” ती बराच वेळ गप्प बसली आणि मग खाली मान घालून म्हणाली, “ताप नाही बाई. कपडे भिजले की अंगाला चिकटतात. वाटेवरची माणसं बघतात. वर्गात पाच वाजेपर्यंत तसंच बसावं लागतं. आई म्हणते, पाऊस असला तर जाऊच नको.”

भगिनींनो, मुलग्याच्या ओल्या सदऱ्याकडे कोणी पाहत नाही. पांढरा गणवेश भिजला की मुलीला मात्र आपल्या अंगाचीच लाज वाटू लागते. त्यातून महिन्याचे दिवस असले तर तिचे हाल कोणापाशी बोलण्यासारखेही नसतात. मग ती घरी राहते. आधी एक दिवस, मग आठवडा. गणिताचा एक धडा बुडाला की पुढचे दोन कळत नाहीत, आणि चाचणीत नापास झाली की घरचे म्हणतात, हिला डोके नाही, आता पुरे. प्रत्यक्षात डोके होते. नव्हता तो एक कोरडा कपडा. मी वर्गाच्या कपाटाशेजारी एक पत्र्याची पेटी ठेवली. तिच्यात शेजारणींकडून मागून आणलेले सलवार-कमीज, परकर, पंचे आणि गरजेची कापडी पट्टी. व्हरांड्याच्या आडोशाला एक दोरी बांधली. आलेल्या मुलीने मुकाट्याने पेटी उघडायची, कपडे बदलायचे, आपले ओले दोरीवर टाकायचे. कोणी विचारायचे नाही, कोणी हसायचे नाही. ती मुलगी त्या वर्षी पास झाली आणि पुढे शिकली. तिच्या हुशारीत त्या पेटीने काही भर घातली नाही; तिला फक्त बाकावर आणून बसवले.

म्हणून माझी मंडळाला विनंती अशी. आपल्या शिवणवर्गाने या वर्षी सायकल-केप शिवावेत. माप मी करून पाहिले आहे. कापड वॉटरप्रूफ, रंग पिवळा, कारण पावसाच्या अंधारात पिवळा रंग मोटारवाल्याला आधी दिसतो. पाठीवर उजेड परतवणारी पट्टी लावावी. खांद्यावर शिवण मुळीच घेऊ नये. पाणी पहिल्याने शिरते ते सुईच्या भोकांतून आणि पाऊस सर्वांत जास्त झेलतो तो खांदा. अख्ख्या कापडाला मध्ये गळा कापावा. इतर शिवणी दुमडून घालाव्यात आणि त्यांवर मेण घासावे. मुलीला सायकलवर बसवूनच माप घ्यावे. पुढची लांबी मानेपासून हँडलच्या मुठीपर्यंत आणि वर वीतभर. मागची सीटच्या खाली चार बोटे, त्याहून अधिक नाही, नाहीतर टोक चाकात जाईल. पुढच्या कडेला आतून अंगठ्याचे दोन फीत, कमरेला नाडी. टोपी डोक्याबरोबर फिरेल अशी बेताची करावी, म्हणजे मागून येणारी मोटार मान वळवून पाहता येते. शिवून झाल्यावर केप बादलीवर पसरून वरून तांब्याभर पाणी ओतावे. बादली कोरडी राहिली तर केप पास.

पहिल्या वर्षी वीस केप झाले तरी पुष्कळ. ते धर्मादाय म्हणून वाटू नयेत. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे जूनमध्ये द्यावेत आणि पाऊस संपला की धुऊन परत घ्यावेत. घेतलेल्या वस्तूबद्दल मिंधेपणा वाटत नाही, दिलेल्या वस्तूबद्दल वाटतो. जोडीला आपल्या भागातल्या शाळांना एकेक पेटी आणि एकेक दोरी. पेटीतले कपडे आपल्या घरांतूनच निघतील. स्वच्छ, इस्त्री केलेले, आपल्या मुलीला घालायला देऊ असेच कपडे द्यावेत. फाटके देऊ नयेत.

आणखी एक मागणे शेजारच्या घरांतल्या पुरुषमंडळींकडे आणि मोटारी हाकणाऱ्या सर्वांकडे. पावसात सायकलवरची मुलगी दिसली की वेग थोडा कमी करा. डबक्यातून मोटार भरधाव नेली की तिच्या अंगावर चिखलाचा फवारा उडतो आणि तिची शाळा त्या दिवसापुरती तेथेच संपते. दोन क्षणांचा उशीर तुम्हांला जड जाणार नाही.

पाऊस आपल्या हातात नाही. तो यावा म्हणून आपण वाट पाहतो आणि आला की धन्यता मानतो. तो आला म्हणून मुलगी घरी बसू नये, एवढी व्यवस्था मात्र आपल्या हातात आहे, आणि तिला फार मोठा खर्च नाही. पुढच्या रविवारी शिवणवर्गात पहिला केप बेतावयाचा आहे. ज्यांना कात्री धरता येते त्यांनी कात्री घेऊन यावे, ज्यांना येत नाही त्यांनी पाणी ओतायला तांब्या घेऊन यावे.